पाना, पक्कड आणि नागदेवी

शॉपिंग म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मॉल, लिंकिंग रोड, फार तर कुलाबा कॉजवे. पण एखाद्या शनिवारी हाफ डे मिळाला, तर सीएसएमटीच्या एक स्टेशन आधी उतरून बघा. मशीद! फास्ट गाडी इथे थांबत नाही, त्यामुळे स्लोच पकडायची. पश्चिमेला बाहेर पडून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने चालू लागलं, की थोड्याच वेळात नागदेवी स्ट्रीट. अख्खी गल्ली लोखंडाची. नट-बोल्ट इथे किलोवर मिळतात. बेअरिंगच्या दुकानासमोर साखळ्या, साखळ्यांच्या बाजूला दोरखंड आणि पुली. मागून हातगाडीवाल्याची ‘बाजूऽऽ’ अशी हाक येते आणि तुमचा नवाकोरा ड्रेस वाचवणं ही सर्वस्वी तुमची जबाबदारी. (सँडल्स घालून जाऊ नका. आधी सांगितलं नाही म्हणाल!)

मी गेले होते माझ्या गाडीसाठी हत्यारं घ्यायला. सेकंडहँड वॅगन आर, बजेट चार हजार. आता तुम्ही म्हणाल, सर्व्हिस सेंटर आहे, रोडसाइड असिस्टन्स आहे, मग हा उद्योग कशाला? बाबा चिपळूणला एकटे असतात. महिन्यातून दोनदा शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी निघते, तीही एकटीच. गेल्या जूनमध्ये पोलादपूरच्या पुढे, पहाटेच्या पावसात मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, चाक कसं बदलतात तेही माहीत होतं. पण आदल्याच आठवड्यात एका गॅरेजने व्हील नट एअर गनने असे काही आवळले होते, की गाडीसोबत मिळालेल्या त्या वीतभर पान्यावर उभी राहिले तरी एक नट हलेना. मोबाइलला रेंज नाही. पाऊण तासाने एक ट्रकवाले काका थांबले, पान्यावर एक लांब पाइप चढवला आणि चारही नट दोन मिनिटांत मोकळे केले. काका देवमाणूस. पण पुढच्या वेळी थांबणारा माणूस तसाच असेल, हे धरून मी रात्रीचा घाट चढणार नाही, एवढं नक्की.

आधी अर्थातच ऑनलाइन पाहिलं होतं. स्वस्तात मस्त म्हणून जो सेट सगळीकडे दिसतो तो ४६ पीसचा. छोटी डबी, आत चकचकीत गोट्या, फोटोत सॉलिड दिसतो. पण जरा साइज वाचा. त्याचा ड्राइव्ह, म्हणजे हँडल आणि गोटी जोडणारा चौकोनी दांडा, असतो पाव इंचाचा. आणि त्यातली सगळ्यात मोठी गोटी असते बहुतेक १४ नंबरची. माझ्या गाडीचे व्हील नट १९ चे! म्हणजे ४६ पीस घेऊन मी पुन्हा पाइपवाल्या काकांची वाट बघत उभी. १०८ पीसवाल्या बड्या पेट्यांच्याही आकड्याला भुलू नका. आकडा फुगतो तो स्क्रू ड्रायव्हरच्या बोटभर बिट्समुळे. तेव्हा पीस मोजू नका, नंबर वाचा, हा पहिला फंडा.

नागदेवीच्या दुकानात शिरल्यावर काउंटरमागच्या पांढऱ्या दाढीच्या चाचांनी सेट दाखवलाच नाही. ‘बेन, पहले बोलो, गाडी कौनसी? और गाडी में करना क्या है?’ सात-आठ ऑनलाइन पानं चाळली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी यादी सांगितली. चाक बदलणं. बॅटरीचे टर्मिनल काढून साफ करणं आणि घट्ट करणं. एअर फिल्टर, बल्ब, वायपर. बास. ‘तो फिर पेटी का क्या काम?’ म्हणत त्यांनी एकेक वस्तू काउंटरवर ठेवायला सुरुवात केली. या गल्लीची खरी मजा हीच. इथे सगळं सुटं मिळतं.

आधी आली अर्धा इंच ड्राइव्हची १९ ची गोटी. चाचांनी दोन गोट्या शेजारी ठेवल्या. एकीच्या आत सहा कोपरे, दुसरीच्या आत बारा. बाराची पटकन बसते, पण नटाला कोपऱ्यांवरच धरते. नट गंजलेला किंवा जाम असेल तर कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. मग मेकॅनिकसुद्धा डोक्याला हात लावतो. सहा कोपऱ्यांची गोटी नटाला सपाट बाजूंवर पकडते. चाकासाठी सहाचीच, नो डिस्कशन. सोबत १७ आणि २१ ची एकेक गोटीही घेतली, कारण सोसायटीत आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या काही माझ्या कंपनीच्या नाहीत.

मग आला हीरो. दीड-दोन फुटांचा लांब दांडा. यात फिरकी नाही, कटकट आवाज करणारं रॅचेट नाही, नुसता दणकट दांडा आणि टोकाला हलणारं डोकं. शाळेतलं फिजिक्स आठवा. छोट्या गाड्यांचे व्हील नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरने आवळतात. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो. शंभर धरा. पाव मीटरच्या पान्याने तेवढा जोर द्यायला टोकावर सुमारे ४० किलोचा भार लागतो. अर्ध्या मीटरच्या दांड्याने २० किलोचा. आणि नट एअर गनने त्याहून जास्त आवळलेला असेल तर? तेच गणित दुप्पट करा आणि माझं वजन ५२ किलो आहे हे लक्षात घ्या. हा दांडा फक्त उघडण्यासाठी, हे चाचांनी दोनदा बजावलं. आवळताना गाडीसोबतचा छोटा पानाच वापरायचा, समोरासमोरचे नट आलटून पालटून, नाहीतर जोर जास्त होऊन बोल्ट जायचा. टॉर्क रेंच असेल तर उत्तमच, पण तो माझ्या चार हजारांत बसत नव्हता.

पुढचं पटापट. ८ ते १९ पर्यंतचे कॉम्बिनेशन पाने, एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड. त्यातला १० नंबरचा सगळ्यात जास्त चालतो आणि सगळ्यात आधी हरवतो, म्हणून तो एक जादा. बॅटरी टर्मिनलला हाच लागतो. (काढताना आधी निगेटिव्ह, लावताना तो शेवटी. उलटं केलंत आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडालीच म्हणून समजा.) आठ इंची पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टायर प्रेशर गेज. बऱ्याच वस्तू टपारियाच्या निघाल्या, म्हणजे आपल्या नाशिकच्या. बाकी माल जालंधर-लुधियानाचा. अंगावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं आहे ना, ते बघून घ्यायचं आणि पक्कं बिल मागायचं. स्क्रू पाना मात्र चाचांनी परत आत ठेवला. ‘ये नल के लिए लो, गाडी के लिए नहीं.’ त्याचा जबडा ढिला पडतो आणि नटाचे कोपरे खातो.

एका मित्राने चोर बाजार सुचवला होता. मटण स्ट्रीटवर जुने, दणकट विलायती पाने दिसतात, मान्य. पण त्यातले बरेच इंचातले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तुमच्या १२ च्या नटावर तो डुगडुगणार. पाऊण इंच आणि १९ जवळपास जुळतात, तेवढंच. इंचातले पाने अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी शोधावेत.

एकूण बिल तीन हजार सातशे, घासाघीस धरून. वजन मात्र चांगलं पाच किलोच्या घरात, त्यामुळे लोकलमध्ये बॅग मांडीवर घेऊ नका. सगळं जुन्या जीन्सच्या कापडात गुंडाळून स्टेपनीच्या शेजारी ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाक काढून परत लावून पाहिलं. आधी जमिनीवरच नट अर्धा फेरा सैल, मग जॅक. पहिल्या वेळी अठ्ठावीस मिनिटं, दुसऱ्या वेळी सोळा. वॉचमन काका टाइमकीपर होते. आणि हो, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात-पाय-डोकं काहीही घालायचं नाही. जॅक सरकतो.

नागदेवीला जाणार असाल तर शनिवारीच जा, रविवारी बहुतेक गल्ली बंद असते. गाडीचं मॅन्युअल सोबत न्या, किंवा व्हील नटाचा नंबर तरी. आणि परतताना क्रॉफर्ड मार्केटसमोर फालुदा घ्या. पाच किलो लोखंड वाहिल्यावर तो चालतो!