तोयोसूच्या पोटातले पाच लाख व्होल्ट

कोतो म्हटलं की वाचकांपैकी निम्म्यांना जपानी तंतुवाद्य आठवेल. आम्ही म्हणतो ते कोतो वेगळं. टोकियोचा हा पूर्वेकडचा एक वॉर्ड. नावाचा अर्थच मुळी ‘नदीच्या पूर्वेला’, आणि नदी अर्थातच सुमिदा. आपल्या मराठी घरांची गर्दी जास्त करून अराकावापलीकडे निशी-कासाईला. पण ओजिमा, तोयोसू या कोतोतल्या भागांतही ‘अहो, ऐकलंत का’ कानावर पडतं.

त्यातलं तोयोसू म्हणजे समुद्रात भर घालून केलेली जमीन. आज तिथे उंचच उंच इमारती आहेत. लिफ्ट विजेची, शेगडी विजेची. घरातला दाब मात्र फक्त 100 व्होल्ट, त्यामुळे भारतातून आणलेला मिक्सर इथे रडतखडत फिरतो आणि चटणी काही बारीक होत नाही. गंमत अशी, की याच तोयोसूच्या जमिनीखाली 5 लाख व्होल्टचं वीजकेंद्र आहे.

शिन-तोयोसू उपकेंद्र 2000 साली सुरू झालं. एवढ्या मोठ्या दाबाचं भूमिगत केंद्र त्यापूर्वी जगात कुठेच नव्हतं. आकार गोल, व्यास सुमारे 140 मीटर. गोल का, ते ज्याच्या गावात विहीर आहे त्याला सांगायला नको! भुसभुशीत, पाणथळ जमीन चहूबाजूंनी रेटते, तेव्हा गोल भिंत तो रेटा सगळीकडे सारखा वाटून घेते.

पण आम्हाला खरं कौतुक केंद्राचं नाही, त्यात येणाऱ्या केबलचं आहे. चिबा प्रांतातल्या शिन-केइयो केंद्रातून ती सुमारे 40 किलोमीटर जमिनीखालून येते. मध्ये तांबं आणि भोवती 27 मिलिमीटर जाडीचं पॉलिथिलीन. हो, आपल्या पिशव्यांचं पॉलिथिलीन, फक्त त्याचे रेणू एकमेकांत गुंफून पक्के केलेले. तीन फेजच्या हिशोबाने तारेपासून जमिनीपर्यंत सुमारे 2 लाख 89 हजार व्होल्टचा दाब पडतो, आणि तो अडवायला आपली दोन बोटं जेमतेम मावतील एवढी जागा! दर मिलिमीटरला सरासरी साडेदहा हजार व्होल्टच्या वर. साधी हवा मिलिमीटरला 3 हजाराच्या आसपासच हार खाते.

हवेने हार खाल्ली तर काय होतं, ते आमच्या शेजारच्या एदोगावा वॉर्डाने 14 ऑगस्ट 2006 ला पाहिलं. नदीतून जाणाऱ्या बार्जवरच्या क्रेनचा हात उच्च दाबाच्या तारांना लागला आणि सुमारे 14 लाख घरांची वीज गेली. ओबोनच्या सुट्टीचे दिवस, सकाळची वेळ, म्हणून थोडक्यात निभावलं. अशा वेळी कुणीही म्हणेल, तारा जमिनीखालीच न्या की!

नेता येतात, पण जमिनीखालचं दुखणं वेगळं. हवेत ठिणगी पडून विझली की हवा पुन्हा जशीच्या तशी. प्लॅस्टिकला ती सोय नाही. त्यात केसाच्या जाडीएवढा बुडबुडा राहिला, तरी त्या पोकळीत विजेचा ताण भोवतालपेक्षा जास्त, आणि आतला वायू भोवतालपेक्षा दुबळा. टोकियोची वीज सेकंदाला 50 फेऱ्या करते, म्हणजे दाब सेकंदातून 100 वेळा टोकाला जातो. दर वेळी बारीकशी ठिणगी, दर वेळी पोकळीची कड थोडी जळते. तिथून फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या. इंजिनियर मंडळी याला चक्क ‘झाड’ म्हणतात, आणि दिसतंही तसंच, पिंपळाच्या जाळीदार पानासारखं. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. झाड पलीकडच्या कडेला टेकलं, की मग क्षणात सगळा कारभार आटोपतो.

म्हणून सगळा जीव असतो सांध्यांत. 40 किलोमीटरची केबल एका रिळावर मावत नाही, तुकडे बोगद्यातच जोडावे लागतात. इथे त्या जोडाभोवती धूळ येऊ नये अशी खोली उभारून, साच्यात वितळलेलं पॉलिथिलीन भरून, ते तापवून-दाबून पक्कं केलं, आणि आत कण राहिला का ते क्ष-किरणांनी तपासलं. आपल्याकडे पावसाळ्यात रस्ता खणून केबलचा फॉल्ट शोधणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सोवळं जरा जास्तच वाटेल. पण त्या खड्ड्यात शेवटी सापडतो तोही बहुधा पाणी शिरलेला सांधाच.

जपानातही सगळंच आलबेल नाही. 12 ऑक्टोबर 2016 ला सैतामा प्रांतातल्या निइझा इथे बोगद्यात आग लागली. ती केबल प्लॅस्टिकची नव्हती, तेलात भिजवलेल्या कागदाची होती, वय सुमारे 35 वर्षं. सांध्याच्या जागी रोधक फुटला, तेल पेटलं, आणि टोकियोतली 5 लाख 80 हजारांहून जास्त घरं अंधारात. सरकारी खात्यांच्या कासुमिगासेकीतही दिवे गेले. पर्यायी मार्गांनी तासा-दीड तासात वीज परत आली, हे मात्र मानायला हवं. कागद-तेलाच्या केबल बदलून प्लॅस्टिकच्या टाकण्याची घाई त्यानंतर झाली.

तोयोसूच्या केबलमध्ये पेटायला तेल नाही, ही मोठी जमेची बाजू. पण तिनेही आता पंचविशी गाठली आहे. कागद-तेलाचं म्हातारपण लोकांनी शंभर वर्षं पाहिलं. 5 लाख व्होल्टच्या लांब प्लॅस्टिक केबलचं म्हातारपण जगात सर्वांत आधी दिसेल ते बहुधा इथेच. आमच्या मते तोयोसूत पाहण्यासारखं काही असेल तर ते हे, आणि नेमकं तेच दिसत नाही.

तरी जायचंच असेल तर युरिकामोमे गाडीने शिन-तोयोसू स्टेशनला उतरा. वरची गोल इमारत बाहेरून पाहून घ्या, खाली उतरण्याची आशा सोडा. पुढचंच स्टेशन शिजो-माए. 2018 साली त्सुकिजीहून हललेला घाऊक मासळीबाजार तिथे आहे, आणि आमच्याबरोबर आलेल्या कोकणातल्या पाहुण्यांची पावलं केबलचं पुराण संपण्याआधीच तिकडे वळलेली असतात. बाजार सकाळचा असतो, बुधवारी बहुधा बंद, तेवढं बघून निघा.