शिट्टी नसलेला गाव

काल रात्री पुन्हा तोच वाद. चहा संपला, ग्लासाच्या तळाशी साय वाळली, तरी २२ जून १९८६ च्या अर्जेंटिना-इंग्लंड विश्वचषक सामन्यातला मॅराडोनाचा हात काही खाली येईना. ‘हात होता ना बे तो, मंग गोल कायचा?’ धाकटा भाऊ हटायला तयार नाही. ट्युनिशियाच्या पंच अली बेन्नासूरने गोल दिला, इंग्लंड २-१ ने हरलं. मान्य, पंच चुकला. पण चारच मिनिटांनी त्याच मॅराडोनाने आपल्या अर्ध्या मैदानातून निघून सगळ्यांना चकवत दुसरा गोल ठोकला, तेव्हा इंग्लंडचा बचाव कुठे होता? संघ मी तिथे तोलतो.

तसा सावरगावच्या माणसाने शिट्टीवर बोलावं का, हाही प्रश्नच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची गोटमार. जाम नदीत रोवलेला पळस, वर झेंडा, पलीकडे पांढुर्णा, आणि दोन्हीकडून दगड. ऑफसाइड नाही, व्हीएआर नाही. फुटलेली डोकी मात्र दरवर्षी मोजावी लागतात. झेंडा पांढुर्णावाल्यांनी तोडला तर ते जिंकले. तरीही ‘खरं कोण जिंकलं’ हे पानठेल्यावर पुढच्या पोळ्यापर्यंत चालतंच.

भावाला आज सकाळी सांगून टाकलं : तो हातच होता. आणि मॅच अर्जेंटिनाचीच होती.