पोट नसलेली मान

धातूची तार कधी तुटणार हे तिच्या पोटात ठरतं, या मतावर मी शिकवण्याची बरीचशी वर्षं काढली. कणरचना कशी, ताण किती, तापमान काय, संपलं. वर जे बसतं तो डाग. घासला की गेला. आंबिवली-मोहन्यात राहणाऱ्याला डाग नवे नाहीत. इथे एनआरसी कारखान्यात रेयॉन व्हायचं, आणि व्हिस्कोसच्या प्रक्रियेत सुटणारा हायड्रोजन सल्फाइड चांदी काळी करतो. पण पैंजण काळं पडलं म्हणून तुटत नाही, हा माझा ठरलेला युक्तिवाद.

मत हललं ते सोन्याच्या प्रयोगांनी. सोन्याची तार ताणत नेली की शेवटी एका अणूच्या जाडीची मान उरते. अशा एकेरी अणूंच्या साखळ्या 1998 मध्ये जपान आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवल्या. तिथे रोध साधारण 12.9 किलो-ओहम भरतो. हाच प्रयोग मिठाच्या पाण्यातही करता येतो. सोन्याचं विभव धन बाजूला नेलं की क्लोराइड आयन त्याला चिकटतात, पुरेसं ऋण केलं की सुटतात. ब्रोमाइड अधिक घट्ट बसतो, आयोडाइड त्याहून. आयन चिकटला की त्या अणूची शेजाऱ्यांवरची पकड ढिली होते आणि तो पृष्ठभागावर सहज सरकू लागतो. धातू तोच, ओढ तीच, तरी मान टिकण्याचा काळ बदलू शकतो. कोणत्या दिशेनं, ते सरळ नाही: ढिला बंध लवकर सुटेल, पण सरकते अणू मान पुन्हा भरूनही काढतील.

एका अणूच्या मानेला पोटच नसतं, सगळा पृष्ठभाग. इथवर पटलं, तरी ही अणूंची गंमत म्हणून मी बाजूला ठेवली.

मग पितळी काडतुसांबद्दल वाचलं. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की तडकत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, तिन्ही लागत. 1921 मध्ये हा उलगडा प्रसिद्ध झाला. काडतूस एका अणूचं नसतं, पण तड्याचं टोक बंधामागून बंध तोडतच पुढे जातं. (अमोनिया तांबं विरघळवतो, नुसता चिकटत नाही, दोन्ही एकच म्हणणाऱ्यांशी मी अजून भांडतो.) शिवाय उपाय पोटातलाच निघाला: पितळ हलकं तापवून ताण काढणं. म्हणून जुनं मत मी अर्धं ठेवलंय. वहीत नमुन्याच्या व्यासाशेजारी, तो कुठल्या हवेत, कशात ठेवला होता, याचा रकाना मात्र आता मुलांना आखायला लावतो.