रात्रीच्या पाण्याला जाताना जर्किन कसं निवडावं



उन्हाळ कांद्याच्या लागणी झाल्या, गहू ओंबीवर आलाय, आणि थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. म्हणजे दारं धरायला रात्रीच जावं लागणार. आमच्या निफाड भागात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरला की पेपरात बातमी येते. पण पारा दाखवतो ती थंडी वेगळी आणि अंगाला लागते ती वेगळी. मधे वारा असतो.

तापमान 10 अंश असताना ताशी 40 च्या वेगानं मोटरसायकल चालवली, तर उघड्या कातडीला ते साधारण 6 अंशासारखं लागतं. 5 अंश असेल तर थेट शून्याच्या खाली. कारण साधं आहे. अंगाभोवती गरम हवेचा पातळ थर असतो. स्वेटर तोच थर धरून ठेवतो, पण विणीतून वारा शिरला की थर उडून जातो. म्हणून स्वेटरवर स्वेटर चढवून भागत नाही. केळीच्या बागेला कडेनं शेवरी लावतो ना, तसं वरून वारा अडवणारं एक कापड पाहिजे. ते जाड नसलं तरी चालतं.

दुकानात गेल्यावर मी एवढं बघतो:

1. कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंकायचं, पलीकडं तळहात धरायचा. फुंकर हाताला लागली तर ते जर्किन ठेवून द्यायचं, दुकानदार काही का सांगेना.

2. चेनच्या दातांतून वारा आत येतो. चेनच्या मागं किंवा वरून कापडाची पट्टी हवी. कॉलर गळ्यापर्यंत बंद व्हायला हवी.

3. मनगटाला इलॅस्टिक किंवा वेल्क्रो हवं. बाही उघडी राहिली तर गाडीवर वारा पार काखेपर्यंत जातो.

4. आत स्वेटर घालूनच माप बघायचं. फावडं मारल्यासारखे हात वर करायचे, मग गाडीवर बसल्यासारखं वाकायचं. कंबर उघडी पडली तर एक नंबर मोठं घ्यायचं.

5. काळा, निळा रंग अंधारात दिसत नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालू आहेत. पाठीवर चमकणारी पट्टी नसेल तर शिवून घ्यायची.

6. लोंबणाऱ्या दोऱ्या काढून टाकायच्या. इंजिनाचा पट्टा किंवा ट्रॅक्टरचा पीटीओ दोरी ओढतो आणि मागून माणूस ओढतो.

बरेच जण रेनकोट घालून जातात. वारा अडतो हे खरं, पण घामही आतच अडतो. अर्धा तास फावडं मारलं की बनियन भिजतं, आणि वाफा भरेपर्यंत बांधावर टेकलं की तोच घाम गारठा होऊन अंगात शिरतो. सुती कपडा ओला झाला की ऊब देत नाही. म्हणून काखेत जाळी असलेलं जर्किन बरं. काम करताना चेन अर्धी उघडायची, बसताना लावायची. पिशवीत एक कोरडं बनियन ठेवायचं. घोंगडी ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते, बांधावर बसायला तिच्यासारखं काही नाही. पण गाडीवर आणि वाफ्यात ती आवरत नाही.

नायलॉन-पॉलिस्टरचं जर्किन घालून शेकोटीला खेटून बसू नका. ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. आणि फवारणीला तेच जर्किन वापरू नका. औषध कापडात मुरतं आणि रात्री अंगाला लागतं.

थंडी अंगात शिरली की आधी बोटं बधीर होतात. बधीर आणि ओल्या हातानं स्टार्टर चालू करायला जाणं किती धोक्याचं, हे सांगायला नको. कुणाचं बोलणं अडखळायला लागलं, पाय वाकडे पडायला लागले तर पाणी तसंच सोडून त्याला घरी न्या, ओले कपडे बदला, पांघरूण घाला. दारू पाजू नका. तिनं गरम वाटतं, पण कातडीवाटे अंगातली ऊब उलट बाहेर जाते.

द्राक्षाला थंडी लागू नये म्हणून आपण पहाटे बागेत शेकोट्या करतो, डाळिंबावर कापड टाकतो. एका फवारणीच्या औषधात बरं जर्किन येतं. वाफा फुटला तर उद्या परत भरता येईल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री पाण्याला पाठवत असाल, तर पहिलं जर्किन त्यांना घ्या.