अ‍ॅक्सिस नव्वद म्हणजे काय रे भाऊ?

औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला हात लांब करावा लागू लागला, तसं घरच्यांनी निदान करून टाकलं: चाळिशी लागली. आजवर चष्म्यावाचून निभावलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

आधी एका यंत्रावर हनुवटी टेकवली. आत लांब रस्ता, टोकाला रंगीत फुगा. तो धूसर व्हायचा, मग स्वच्छ दिसायचा. एवढ्यावर यंत्राने माझा नंबर काढला! मग खरी परीक्षा. नाकावर जडशी गोल फ्रेम, आणि तिच्यात काचा सरकवणारी मुलगी. "ही चांगली की ही?" "पहिली." "आणि आता?" "सारखंच वाटतंय." "नीट बघा ना, काका." काका! समोरचा अक्षरांचा तक्ता 1862 साली स्नेलेन नावाच्या डच नेत्रवैद्याने काढलेल्या तक्त्याच्या वंशातला. सहा बाय सहाची ओळ घडाघडा वाचली. लगेच हातात वाचायचं कार्ड आलं आणि सगळा रुबाब उतरला.

लांबचं दिसतं आणि हातातलं नाही, हे कसं? डॉक्टरांनी सांगितलं ते असं. प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन-तृतीयांश काम बाहेरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया करतो. पण त्याला आपला आकार हवा तसा बदलता येत नाही. जवळचं पाहायचं तर आतल्या भिंगाने फुगायला हवं. भोवतीचा स्नायू आवळला की भिंगाला धरणारे धागे सैल पडतात आणि भिंग फुगतं. आवळल्यावर सैल! हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. वयाबरोबर भिंगच ताठर होत जातं, मग धागे कितीही सैल पडोत. डोळे गरगर फिरवण्याच्या व्यायामांनी ते पुन्हा मऊ होत नाही, हेही तिथेच कळलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका रागावतील, इलाज नाही.

चिठ्ठीवर मात्र 'सिलेंडर −0.75, अ‍ॅक्सिस 90' असंही होतं. कॉर्निया सगळ्या दिशांनी सारखा गोल नसला की सिलेंडर लागतो. तो कुठल्या कोनात बसवायचा, ते अ‍ॅक्सिस सांगतो. चष्मा आल्यावर खिडकीच्या गजासमोर धरून हळूहळू फिरवला. काचेतला गज बाहेरच्या गजाला सोडून किंचित तिरका झाला! चिठ्ठीतलं इतकं समजावून सांगणारं दुसरं काही मला भेटलं नाही.

चष्मा प्रोग्रेसिव्ह घेतला: वरून लांबचं, खालून जवळचं, कडांना सगळं वाकडं. दादरच्या पुलावरून उतरताना खाली पाहिलं तर पायऱ्या तरंगायला लागल्या. नजर नव्हे, मान खाली घालायची, हे दुकानदाराने सांगितलं होतं. पायांना ते समजायला काही दिवस गेले.

तपासणीत डोळ्यावर हवेचा एक झोत मारून आतला दाबही मोजला. मी दचकलो, पण ती तपासणी चष्म्यापेक्षा महत्त्वाची निघाली. हा दाब वाढला की काचबिंदूचा धोका, आणि काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही. आधी कडेची नजर खातो आणि गेलेली नजर परत येत नाही. रस्त्यावरचा तयार चष्मा वाचण्यापुरता चालेलही, पण तो विकणारा दाब मोजत नाही. चाळिशी लागली असेल तर डॉक्टरांकडे जा, दाब मोजून घ्या आणि डोळ्यामागची नसही तपासायला सांगा.