धूर निघतोय ना?

मेहुण्याकडून भेट घेताना तिला खायला काय लागतं ते आधी विचारून घ्यावं, हे मला लग्नानंतर सतरा वर्षांनी कळलं.

आमच्या हिचा भाऊ न्यू जर्सीला असतो. गेल्या दिवाळीत तो आमच्या चिरंजीवांसाठी रिमोटवर पळणारा एक ट्रक घेऊन आला. खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याचा. मला वाटलं, सेल घातले की झालं. पण त्यात अडीच सीसीचं खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन निघालं! इंधन मात्र त्यानं आणलं नव्हतं. असला ज्वालाग्राही माल विमानात चढवू देत नाहीत म्हणे. आणि इंधन म्हणजे पेट्रोल नव्हे. मुख्यतः मिथेनॉल, त्यात वीस टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी वंगणाचं तेल. पोटात गेलं तर डोळे जातात. किंमत ऐकून माझे दुकानातच गेले होते.

मी बी.कॉम., बँकेत कारकून. दिवसअखेर एक रुपयाचा फरक लागला तर घरी न जाणारा. तेव्हा बाटलीबरोबर मी एक वहीही घेतली. तारीख, किती मिली टाकलं, किती मिनिटं चाललं.

पहिले चार दिवस तिसऱ्या रकान्यात शून्यच होतं. या इंजिनात ठिणगी नसते. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचं इवलंसं वेटोळं असतं, ते सेलनं तापवून लाल करायचं. इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्यायचा. मग मिथेनॉलच्या वाफेशी संबंध आल्यामुळे तार आपली आपण धुमसत राहते. (आमच्या मॅनेजरसाहेबांचं हेच आहे. सकाळी कोणी तरी एकदा तापवून दिलं की पाचपर्यंत बघायला नको.) नवं इंजिन गार असताना पिस्टन वरच्या टोकाला इतका घट्ट बसतो की दोरी ओढता ओढत नाही. यावर पुस्तिकेत उपाय होता : हेअर ड्रायरनं शेकावं. हिचा ड्रायर मी पार्किंगमध्ये नेला आणि ट्रकचे केस वाळवत बसलो. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बघून गेले; काही बोलले नाहीत, हे जास्त वाईट.

मग इंधन जास्त झालं. आता प्लग काढून ट्रक उलटा धरायचा, दोरी ओढून आतलं सगळं बाहेर फेकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. ही क्रिया करताना मला एकदम आमचे अण्णा आठवले. १९८४ साली घेतलेली त्यांची स्कूटर रोज सकाळी ते अशीच आडवी करायचे, उभी करायचे आणि मग किक मारायचे. आमच्या पिढीला ते आन्हिकच वाटे.

पाचव्या दिवशी इंजिन पेटलं. चिरंजीव ओरडले, “बाबा, चालू झालं!” नववीत गेल्यापासून माझ्याशी सलग तीन शब्द बोलण्याची ही पहिलीच वेळ.

इथं मी थांबायला हवं होतं. पण इंजिनाला इंधन किती जावं हे ठरवणारी एक सुई असते. तिचा स्क्रू उजवीकडे फिरवला की इंधन कमी, म्हणजे ‘लीन’. डावीकडे फिरवला की जास्त, म्हणजे ‘रिच’. पहिल्या काही टाक्या रिचच चालवा, असं पुस्तिका बजावत होती. (यंत्रांच्या जगातही श्रीमंतच सुरक्षित!) पण मागून निळा धूर येत होता, फरशीवर तेल उडत होतं. म्हणजे पैसे उडत होते. मी स्क्रू उजवीकडे घेतला. एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, याहून जास्त नको, असं लिहिलं होतं. मी अर्धा घेतला.

काय पळाला ट्रक! धूर नाही, आवाज खणखणीत. मी वहीत ‘बचत’ असा नवा रकाना आखला. तो आखून व्हायच्या आत इंजिन किंचाळलं आणि जागच्या जागी बंद पडलं. दोरी हलेना.

चिरंजीव थंडपणे म्हणाले, “सहलीच्या वेळी पण तुम्ही असंच केलंत.” आणि वर निघून गेले. शाळेच्या सहलीचे पैसे मी ‘पुढच्या वर्षी बघू’ या खात्यात टाकले होते. पुढच्या वर्षी सहल निघालीच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी ट्रक पिशवीत घालून मिस्त्रींकडे गेलो. अण्णांची स्कूटर तेच बघायचे. आता त्यांच्याकडे फोर-स्ट्रोक गाड्या येतात, त्याही त्यांचा मुलगा बघतो. चिरंजीव ‘बघायला’ म्हणून चार पावलं मागून आले होते.

मिस्त्रींनी इंजिन तळहातावर घेतलं. हळूच चाक फिरवलं. “वाचलंय साहेब. गार झाल्यावर सुटलंय. धूर बंद केला होता ना?”

“तेल वाया जात होतं.”

“तेल त्या धुरातूनच जातं. टू-स्ट्रोक आहे हे. वंगण वेगळं कुठून मिळणार त्याला?” मग ते चिरंजीवांकडे वळले. “तुझ्या आजोबांनी हेच केलं होतं. महिनाअखेर होती. पंपावर पेट्रोलात निम्मंच तेल घाल म्हणाले. खंबाटकीत पिस्टन जाम!”

ते मी विसरलो नव्हतो. १९९१ चा मे, मी दोघांच्या मधे बसलेला, आई घाटात पदर डोक्यावर घेऊन उभी आणि अण्णा स्कूटर आडवी-उभी करताहेत. ट्रकमधून साताऱ्याला पोचलो.

चिरंजीव हसत सुटले. “आजोबांनी पण?”

मिस्त्रींनी सुई बरीच मागे घेतली, दोरी ओढली आणि डोळे मिटून ऐकत बसले. एक फेरी मारायला लावायचे, मग अर्धपाव फेरा आत, पुन्हा फेरी, पुन्हा अर्धपाव. मधे इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब सोडायला सांगितला. चर्रकन उडाला तर जास्त तापलंय; बसून राहिला तर अजून रिच आहे; दोन-तीन सेकंद नाचून आटला की बरोबर. आमची ही तव्यावर हेच करते आणि तिच्याकडे पुस्तिकाही नाही. चौथ्या फेरीला थेंब नाचला. मागे निळ्या धुराची बारीक शेपटी होती. मिस्त्रींनी डोळे उघडले आणि पैसे घेतले नाहीत.

टाकी संपली. मी दुसरी भरली. वही घरीच राहिली होती.

संध्याकाळी चिरंजीवांनी अण्णांना खंबाटकीबद्दल विचारलं. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. “तेल पूर्ण घातलं होतं,” ते म्हणाले, “भेसळीचं होतं.” मग बाटली हातात घेऊन त्यांनी ती उजेडात धरली. “ही केवढ्याला पडली?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात चिरंजीव म्हणाले, “मामानं दिलीय, आजोबा.”

“हो, मामानंच,” मी म्हणालो.

सतरा वर्षांत मेहुण्याच्या नावावर मी पहिल्यांदाच काही जमा केलं.