गादीची उंची

सांगलीच्या कापडपेठेतील एका जुन्या पेढीवर एके दुपारी कन्येने वडिलांना सांगितले, की तिला अमेरिकेत जाऊन एम.आर्च. करावयाचे आहे. वडिलांनी चष्मा काढून खतावणीवर ठेवला आणि विचारले, ‘‘अगं, तू बी.कॉम. झालीस. बी.आर्च. केल्याशिवाय एम.आर्च. कसं होईल?’’

प्रश्न आपल्याकडील रीतीस धरूनच होता. भारतात वास्तुविशारद होण्याची वाट बारावीनंतर पाच वर्षांच्या बी.आर्च.मधून जाते, एम.आर्च. हे त्यापुढील विशेष अध्ययन. शिवाय १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याखेरीज कोणास स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. अमेरिकेत मात्र एम.आर्च. हीच या व्यवसायाची पहिली पदवी असू शकते. तेथील मान्यता मंडळाने स्वीकारलेल्या अनेक अभ्यासक्रमांत इतिहास, साहित्य, वाणिज्य अशा कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश मागू शकतो. येल विद्यापीठात हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, हार्वर्डमध्ये साडेतीन वर्षांचा आहे.

हे वडिलांना पटवण्यात एक दिवाळी गेली. दरम्यान मुलीने कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र नव्याने अभ्यासले, कारण काही विद्यापीठांची तशी अट असते. अर्जासोबत स्वतःच्या कलाकृतींचा संग्रहही पाठवावा लागतो. तिच्याजवळ इमारतींचे नकाशे कोठून असणार? तिने रांगोळ्या, पेन्सिलची रेखाटने आणि कापडाच्या घड्यांची छायाचित्रे पाठवली, आणि ती चालली. नातेवाइकांनी वास्तुशास्त्र समजून आपापल्या घरांचे ईशान्य कोपरे तिच्यापुढे मांडले, ते वेगळेच.

खरी अडचण पैशाची होती. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवरील रकमेस तारण लागते, आणि तारण देण्याजोगी वस्तू म्हणजे दुकानाची जागा. ती दोघा भावांच्या नावे होती. काका काही बोलले नाहीत; पंधरा दिवस मात्र कागद त्यांच्या गल्ल्यात पडून राहिला. सोळाव्या दिवशी त्यांनी सही केली आणि एवढेच म्हणाले, ‘‘दुकान बांधायला वडिलांनी कर्ज काढलं नव्हतं.’’ हे वाक्य मुलगी सामानासोबत घेऊनच गेली.

तिकडे पहिल्याच सत्रात तिच्या लक्षात आले, की येथे ताळेबंद जुळत नाही. वाणिज्य शाखेत जमा आणि नावे यांची बेरीज मिळाली, की उत्तर बरोबर. रचनेत तसे एकच उत्तर नसते. विद्यार्थी आपले नकाशे भिंतीवर टाचून प्राध्यापक व बाहेरून आलेले परीक्षक यांच्यासमोर उभा राहतो आणि ते सर्वांदेखत त्यातील उणिवा काढतात. तीन रात्री जागून केलेली पुठ्ठ्याची प्रतिकृती दहा मिनिटांत निकालात निघते. याला तेथे ज्यूरी म्हणतात. व्यापाऱ्याच्या घरात चूक झाली तर ती दार लावून सांगतात. तिला हे फार जड गेले.

पहिले काम होते, एखाद्या ओळखीच्या जागेचा आठवणीतून नकाशा काढणे. तिने अर्थातच दुकान काढले: फडताळे, गल्ला, पांढऱ्या चादरीची गादी, दारापुढे दोन पायऱ्या. परीक्षकाने विचारले, ‘‘हा बैठकीचा ओटा किती उंच आहे, आणि तेवढाच का?’’ ज्या गादीवर ती लहानपणी झोपत असे, तिची उंची तिला सांगता आली नाही.

त्या मध्यरात्री तिने फोन केला. इकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, नोकर शटर उघडत होता. वडिलांनी कापड मोजण्याची मीटरपट्टी उभी धरली. ‘‘बेचाळीस सेंटिमीटर. का गं?’’

‘‘तेच विचारतायत, बाबा. बेचाळीसच का?’’

वडील थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, ‘‘तुझे आजोबा म्हणायचे, म्हाताऱ्या बाईला चप्पल काढून गुडघा न दुखता बसता आलं पाहिजे, आणि आपल्याला बसल्या जागेवरून रस्ता दिसला पाहिजे.’’ जन्मभर त्या गादीवर बसलेल्या माणसाने हे कारण प्रथमच शब्दांत सांगितले होते. मुलीने रात्रीतच नकाशा पुन्हा काढला, या खेपेस बसलेल्या माणसाच्या नजरेपासून.

दुसऱ्या वर्षी ती न्यू हेवनला जाऊन एक घर पाहून आली. येलमध्ये १९६७ पासून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी स्वतः आखलेली इमारत स्वतःच्या हातांनी उभारतात. अलीकडच्या दशकांत ही घरे त्या शहरातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी असतात. वडिलांना हे फार आवडले. काकांनी विचारले, गळतं का?

पदवी मिळाली तरी परवाना मिळत नाही, हे घरी उशिराच कळले. नोंद ठेवून केलेल्या प्रत्यक्ष कामाचे ३,७४० तास आणि सहा विभागांची परीक्षा, एवढे झाल्यावर तेथील राज्य परवाना देते. कर्जाचा हप्ता एवढा थांबत नाही. संगणक क्षेत्रातील आतेभावाच्या मानाने तिचा पगार कमी; हप्ता जाऊन उरते ते बेताचेच.

गेल्या मे महिन्यात ती सुटीवर आली. रविवारी दुकान बंद असताना टेप घेऊन सगळे स्वतः मोजू लागली. पायऱ्यांपाशी काका येऊन उभे राहिले.

‘‘दोन नाहीत, तीन आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘नगरपालिकेनं रस्ता उंच केला, तेव्हा खालची गाडली गेली. तू तेव्हा नव्हतीस.’’

तिने वही उघडली. झाकलेली वस्तू नकाशात तुटक रेषेने दाखवतात. ‘‘किती उंचीची होती, काका?’’

काकांनी धोतराचा सोगा सावरला, खाली बसले आणि टेपचे दुसरे टोक हातात धरले.